स्वागताध्यक्षांचे भाषण



वाशीम जिल्ह्यातील आमच्या या मालेगावी मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

स्वतःच्या शरीरात यंत्रविद्येच्या साहाय्याने फेरफार करण्यास कायद्याने कोठवर मुभा द्यावी, हा आपल्या परिषदेचा विषय आमच्या तालुक्यास अगदीच परका नाही. येथून जवळच शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची सप्तफणी, अर्धपद्मासनस्थ मूर्ती आहे, आणि ती भूमीला न टेकता अधांतरी विराजमान आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. मूर्तीवरील लेपात कटिसूत्र (करदोटा) दाखवावे की दाखवू नये, म्हणजे मूर्तीच्या रूपात कोणता फेरफार करावा, यावरून श्वेतांबर व दिगंबर बांधवांत तंटा उपस्थित झाला. 1910 साली अकोल्याच्या न्यायालयात दाखल झालेला दावा नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1929 साली तेथे निकाल होऊनही वाद शमला नाही, आणि सुमारे चार दशके कुलूपबंद राहिलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या आदेशानंतर उघडले. विदर्भातील एका खेड्याचे नाव विलायतेच्या कायदेग्रंथांत नोंदले गेले, याचा आम्हांस अभिमान आहे. पाहुण्यांनी शिरपूरचे दर्शन घेतल्यावाचून, आणि तेथील पवळीचे प्राचीन देवालय पाहिल्यावाचून, कृपया परतू नये.

पाषाणमूर्ती आपली इच्छा बोलून दाखवीत नाही. माणूस दाखवतो, आणि कायद्याने ती प्रथम ऐकावी, एवढीच माझ्या अल्पमतीची सूचना आहे. बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाला लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर 2018 साली शासनाच्या परवानगीने शस्त्रक्रिया झाली. त्याच जिल्ह्यात ऊसतोड भगिनींची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचा बोभाटा 2019 साली झाला, तेव्हा मात्र खासगी दवाखान्यांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीची अट आली, ती मला सर्वस्वी रास्त वाटते. कारण गरजेपोटी दिलेली संमती ही मोकळ्या मनाची संमती नव्हे. स्वेच्छा आणि गरज यांमधली ही सीमारेषा कोठे आखावी, ते आपण विद्वज्जनांनी ठरवावे.

व्यवस्थेतील उणिवांबद्दल क्षमा असावी. उतरण्याच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने काही पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. विजेचा भरवसा नसल्याने जनित्र आणून ठेवले आहे. बाजार समितीतील अडते व हमाल, तुरीची डाळ पोत्यांनी पाठवणारे शेतकरी, भाडे न घेणारे मंडपवाले, आणि डव्हा गावच्या यात्रेत पंगती वाढण्याचा सराव असलेली तरुण मंडळी, या सर्वांचे स्वागतमंडळ ऋणी आहे. ज्यांनी देणगी देऊन नाव न घेण्याची ताकीद दिली, त्यांची आज्ञा पाळतो.

आता अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.