गाय, गवय आणि मिस मार्पल



सत्तरी ओलांडलेली बाई लोकरीचा गुंडा घेऊन कोपऱ्यात बसली, की तिच्यासमोर कुणी जपून बोलत नाही. खुनीसुद्धा नाही. अगाथा ख्रिस्तीची हौशी गुप्तहेर मिस मार्पल ही अशीच एक बाई. बीबीसीची ‘मिस मार्पल’ ही मालिका १९८४ ते १९९२ या काळात आली आणि अगाथा ख्रिस्तीच्या १२ कादंबऱ्या पडद्यावर गेल्या, त्या या एका निरीक्षणाच्या बळावर.

मिस मार्पल साकारणाऱ्या जोन हिक्सन मालिका सुरू झाली तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. त्या चाळिशीच्या आसपास असताना त्यांना रंगभूमीवर पाहून ख्रिस्तीबाईंनी पत्रातून इच्छा कळवली होती, की पुढे कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करा. तो योग आला तेव्हा ख्रिस्तीबाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती. गंमत म्हणजे १९६१च्या चित्रपटात मिस मार्पल होत्या मार्गारेट रदरफर्ड, आणि त्याच चित्रपटात हिक्सन छोट्याशा भूमिकेत होत्या. रदरफर्ड यांची मार्पल धमाल उडवते. हिक्सन यांची मार्पल फक्त ऐकते. मान जराशी कलते, निळे डोळे समोरच्यावर स्थिरावतात, आणि बोलणारा नको ते बोलून जातो.

पण नुसतं ऐकून खुनी सापडतो का? इथे मला आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे आचार्य, आठवतात. ज्ञानाची चार साधनं त्यांनी सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पोलीस प्रत्यक्षावर चालतात. शेरलॉक होम्स बुटावरच्या चिखलावरून अनुमान काढतो. मिस मार्पलचं साधन आहे उपमान, म्हणजे साम्यावरून ओळखणं. ज्याला गाय ठाऊक आहे, त्याला ‘गवय गायीसारखा असतो’ एवढं सांगितलं, की रानात गवय दिसताच तो ओळखतो. मिस मार्पलची गाय म्हणजे तिचं सेंट मेरी मीड हे खेडं.

‘द बॉडी इन द लायब्ररी’ ही मालिकेतली पहिलीच कथा. कर्नल बँट्रींच्या घरी, पुस्तकांच्या खोलीत, एका अनोळखी तरुणीचं प्रेत सापडतं. मूळ कादंबरीत मिस मार्पलला काय आठवावं? बेडूक! गावातल्या एका पोराने शाळेच्या घड्याळात बेडूक ठेवला होता. बाई किल्ली द्यायला गेल्या आणि बेडकाने उडी मारली. म्हणजे नको त्या जागी नको ती वस्तू. ती तिथे आपण होऊन आलेली नाही, कुणीतरी आणून ठेवली आहे. पुढे शाळकरी मुलींचा जबाब चालू असतो. त्यांतली कोणती मुलगी काही लपवते आहे, हे मिस मार्पल अचूक हेरते. घरकामाला येणाऱ्या पोरींना तिने वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेलं आहे. पोटात काही दडवलेली पोर कशी उभी राहते, हे तिला पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, अहो, असं उपमान तर आमच्या शेजारच्या काकूही रोज करतात! ‘अमक्याच्या सुनेसारखीच ही निघणार बघा’ असं म्हणतात की नाही? अगदी बरोबर. मिस मार्पल मुळात भोचकच आहे, आणि ती ते नाकारत नाही. फरक पुढच्या पायरीवर पडतो. साम्यावरून फक्त संशय येतो, दोष सिद्ध होत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून या कथेत ती पोलिसांना हाताशी धरून सापळा लावते आणि खुनी डाव साधत असतानाच पकडला जातो. उपमानापासून निघालेली बाई प्रत्यक्षापाशी येऊन थांबते.

काकू उपमानापाशीच थांबतात, आणि सुनेला शिक्षा मात्र तिथेच होऊन जाते. दोघींचं वय तेच, कुतूहल तेच, हातातल्या सुयाही त्याच. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना तुम्ही माझ्याविषयी काहीबाही बोलणारच आहात. हरकत नाही, फक्त तो सापळा लावायचा राहिला आहे, एवढं ध्यानात असू द्या.