मागच्या माणसाची तबकडी

रॉक संगीताच्या मैफिलीचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असेलच. पुढे गाणारा, त्याच्या बाजूंना गिटारवाले आणि सर्वांच्या मागे, झांजांच्या आड अर्धा लपलेला ड्रमवादक. टाळ्या पुढच्यांना, घाम मागच्याला! आता या मागच्या माणसाने एके दिवशी 'माझे संगीत ऐका' म्हटले, तर त्याने ऐकवावे तरी काय?

बिल ब्रूफर्ड या इंग्रज वादकाने याचे दिलेले उत्तर मोठे मोलाचे आहे. 'येस' या गाजलेल्या संचात तो होता. त्यांची 'क्लोज टू द एज' ही तबकडी 1972 साली बाजारात येण्यापूर्वीच हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला आणि 'किंग क्रिम्झन'मध्ये गेला. 1974 मध्ये तो संचही मोडला. 1976 साली 'जेनेसिस'चा ड्रमवादक फिल कॉलिन्स गायला पुढे आला, तेव्हा दौऱ्यावर त्याची मागची जागा सांभाळायला ब्रूफर्डच गेला. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी त्याने मुद्रित केली ती 1977 साली. तिचे नाव 'फील्स गुड टू मी'.

ड्रमवाल्याची तबकडी म्हटली, की आपण लांबलचक धडाडधूम ऐकायची तयारी ठेवतो. इथे तसे काही नाही. ब्रूफर्डने चाली रचल्या आणि त्या वाजवायला माणसे जमवली. गिटारला ॲलन होल्ड्सवर्थ, बास गिटारला जेफ बर्लिन, पेटीसारख्या पट्ट्यांच्या विद्युतवाद्यांवर डेव्ह स्टुअर्ट, काही गीतांना ॲनेट पीकॉकचा आवाज आणि फ्ल्यूगलहॉर्न फुंकायला खास जॅझमधला केनी व्हीलर! रॉकचा जोर आणि जॅझची उपज एका पंगतीला बसली.

तालाचे म्हणाल, तर सरळ चार मात्रांची वाट हा वादक वरचेवर सोडतो. रूपकाच्या सात मात्रा ज्यांच्या कानांत मुरल्या आहेत, त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. चाल मनात राहते, म्हणून मात्रांचा हिशेब बोचत नाही. त्याच्या छोट्या ड्रमचा खणखणीत ठोका मात्र लगेच ओळखू येतो. काठी पुडीवर आणि कडेच्या धातूवर एकदमच पडते ना!

पुढे 1979 साली 'वन ऑफ अ काइंड' आली, आणि 1980 नंतरच्या दशकात त्याने 'अर्थवर्क्स' हा जॅझचा संच उभारला. साथ करणाऱ्याला रचनाकार म्हणून मान मिळवायचा होता. तो त्याने इतरांना वाजवण्याजोगे काही देऊन मिळवला.

ही तबकडी हाती आली, तर पहिल्यांदा नुसत्या चाली ऐका. ड्रम दुसऱ्या खेपेला ऐका. त्याचीही तीच इच्छा असावी.