यंत्राने वाचलेले लोकमत

डिलाईल रोडवरील लोअर परळचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. समजा, या काळात कोणी समाजमाध्यमावर लिहिले, "वा, काय हा वेग!" आपल्याला टोमणा कळतो, यंत्र मात्र ती स्तुतीही समजेल. कारण बहुधा माणसांनी आधी वर्गवारी केलेल्या नमुन्यांवरून ते शिकते. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशी विभागून अभ्यासकांना उपलब्ध करून दिली. काम मोलाचे, पण ती ट्वीट महाराष्ट्रातील नामवंतांच्या खात्यांवरील. चाळीतली तिरकस बोली त्यांत कितीशी असणार? कार्यालयांनी आपल्या भागातील काहीशे मजकूर प्रथम स्वतः वाचून, त्यांची वर्गवारी करून मगच यंत्राच्या स्वाधीन करावेत.