अर्धं घर उबदार, बाळाची खोली गार

हिमायतनगरच्या एका मावशींचा व्हॉइस मेसेज आलाय. लेक जर्मनीत राहते. तिथं फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं, तरी बाळाची खोली गारच. मिस्त्री म्हणतोय, फरशी फोडू. मावशी, लेकीला म्हणावं, एवढ्यात नको.

हे आपल्या ठिबकसारखंच आहे बघा. एका मॅनिफोल्डवरून प्रत्येक खोलीला वेगळी नळी जाते. आखूड नळीत पाणी धो धो पळतं, लांब नळीत जेमतेम पोचतं. म्हणून आधी मॅनिफोल्डवरचे फ्लोमीटर बघायचे. बाळाच्या खोलीचा शून्यावर असेल, तर उन्हाळाभर बंद राहून व्हॉल्व्हची पिन अडकली असेल, नाहीतर नळीत हवा असेल. बाकीच्या नळ्या बंद करून त्या एकीतून पाणी सोडलं की हवा निघते. पाणी नुसतंच कमी असेल, तर गरम खोल्यांचे व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा आवळायचे. मग दिवसभर थांबायचं, कारण फरशी सावकाश तापते.

आणि तळपायावर जाऊ नका. चांगली चालणारी फरशीसुद्धा साधारण 29 अंशांच्या आतच ठेवतात, पायाला ती कोमटही लागत नाही. थर्मामीटर ठेवा. जाड गालिचा असेल तर उचला.

प्रेशरचा काटा रोज उतरतोय का? तरच गळतीचा संशय घ्यायचा. फ्लोमीटरचे आकडे पाठवा मावशी, पुढच्या भागात बघू.