बंद पडलेला आयपॉड आणि ‘रिस्टोअर’ची कळ



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या चर्चच्या ख्रिस्तवासी गायनमास्तरांच्या कन्या माझ्याकडे आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक आयपॉड माझ्या टेबलावर ठेवला. पत्त्यांच्या जोडाएवढा, पाठीमागून आरशासारखा चकचकीत आणि पुढच्या बाजूस बोटाने फिरवावयाचे चक्र असलेला हा संच आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. २००१ च्या ऑक्टोबरात या जातीचा पहिला संच निघाला आणि २०२२ च्या मे महिन्यात शेवटच्या प्रकाराचेही उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. मास्तरांचा संच ‘क्लासिक’ नावाचा, २००९ साली निघालेल्यांपैकी होता. मास्तर गेल्यापासून चार वर्षे तो खणात पडून होता.

“सर, हा चार्जच होत नाही,” ताई म्हणाल्या. “संगणकाला लावला की कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, आणि दिसला की संगणक म्हणतो, रिस्टोअर करा. मी तीनदा केलं, पण मध्येच बंद पडतं. दुकानात दाखवला, तर ते म्हणाले, रिस्टोअर झाला की सगळं परत येईल. यात बाबांच्या ओव्या आहेत हो.”

हे शेवटचे वाक्य ऐकून माझ्या काळजात धस्स झाले. मास्तर उपवासकाळात ख्रिस्तपुराणातील ओव्या गात असत. फादर थॉमस स्टीफन्स यांचा तो ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात प्रथम छापला गेला. परंतु मास्तरांची चाल छापील नव्हती. ती त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून उचललेली होती आणि तिचे स्वरलेखन कोणी करून ठेवलेले नव्हते. अखेरच्या दोन वर्षांत इयरफोनच्या वायरीवरील मायक्रोफोनमध्ये गाऊन त्यांनी काही ओव्या याच संचात नोंदविल्या होत्या. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

मी भाषेचा शिक्षक आहे, यंत्रांचा नव्हे. तथापि येथे घोटाळा प्रथम शब्दाचाच होता. ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्वस्थितीत आणणे, हे कोश सांगतो. कोणत्या पूर्वस्थितीत, हे तो सांगत नाही. आपल्या मनात असते ती परवाची, गाण्यांनी भरलेली स्थिती. यंत्राच्या हिशेबी पूर्वस्थिती म्हणजे कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाची. ती कळ दाबली असता आतील साठ्याची मांडणी पुसली जाते, नवी मांडणी घातली जाते, मूळ आज्ञावली पुन्हा बसविली जाते आणि संच कोरा होतो. संगणकात गाण्यांची प्रत असेल तर ती पुन्हा भरता येतात, नसेल तर नाही. ताईंच्या तिन्ही प्रयत्नांत संगणक आज्ञावली इंटरनेटवरून उतरवून घेत असतानाच संबंध तुटत होता आणि पुसण्याची पाळीच आली नव्हती. ज्या केबलला त्या दूषणे देत होत्या, त्या केबलनेच त्यांच्या बाबांचा आवाज राखला होता!

चार्ज होत नाही आणि रिस्टोअर होत नाही, या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या असतात. क्लासिकमध्ये एक इवलीशी फिरती तबकडी असते. तिच्यावर लिहावयाचे तर वीज अखंड मिळाली पाहिजे. आरंभीच्या काही आयपॉडांत तर संगणकाकडचे काम आटोपल्यावर संच भिंतीवरच्या चार्जरला लावल्याखेरीज रिस्टोअर पुरे होतच नसे. म्हणून विजेची बाजू आधी तपासावी. रिस्टोअरचा विचार सर्वांत शेवटी.

पहिली गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की सांगताना संकोच वाटतो. संचाच्या माथ्यावर ‘होल्ड’ नावाची एक सरकपट्टी असते. तिच्याजवळ नारिंगी रंग दिसत असेल तर सर्व कळा कुलूपबंद असतात आणि धडधाकट संचही मेल्यासारखा वाटतो. ती एकदा पुढे, एकदा मागे सरकवावी. त्यानंतर खालच्या रुंद खाचेत विजेरीचा झोत टाकून पाहावे. मास्तरांच्या संचाच्या खाचेत सदऱ्याच्या खिशातील कापसाळ दाबून बसली होती. कोरड्या, मऊ ब्रशाने ती काढली. टाचणी किंवा सुई तेथे घालू नये. आतील तीस बारीक पट्ट्यांपैकी एखादी वाकली, तर नवेच दुखणे उद्भवते.

मग केबल. ती तोंडापाशी तुटते, आणि वरचे वेष्टण शाबूत असल्यामुळे ते दिसत नाही. शेजाऱ्याची चालती केबल मागून आणून लावणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय. संगणकाच्या कीबोर्डवरील भोकात केबल खुपसू नये. तेथे पुरेसा प्रवाह मिळतोच असे नाही. ज्यांच्याकडे २००३ साली निघालेला, चक्राच्या वर चार गोल कळा असलेला संच आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे: तो यूएसबी केबलवर गाणी घेतो, परंतु चार्ज होत नाही. त्याला फायरवायर नावाची जुनी केबल व तिचा चार्जर लागतो. असे संच निष्कारण भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

एवढे झाल्यावर संच भिंतीवरच्या चार्जरला लावून अर्धा तास त्याच्याकडे पाहूच नये. पूर्ण उतरलेली बॅटरी पडद्यावर चित्र उमटविण्याइतकी वीज धरीपर्यंत तेवढा वेळ जातो, आणि आपण मात्र पाचव्या मिनिटाला ‘गेला’ म्हणून मोकळे होतो. अर्ध्या तासानंतर मधली कळ आणि ‘मेनू’ या दोन्ही सहा ते आठ सेकंद एकत्र दाबून धराव्यात. याने संच केवळ पुन्हा सुरू होतो. गाण्यांना धक्का लागत नाही.

मास्तरांच्या संचावर सफरचंदाची खूण उमटली. ताईंचे डोळे भरून आले. पण आतील तबकडी घरघरली की खूण विझे, पुन्हा उमटे, पुन्हा विझे. बॅटरी थकली होती. तबकडीला पहिला हिसका देण्याइतकेही बळ तिच्यात उरले नव्हते. येथे एक गोष्ट मी ताईंना दोनदा सांगितली आणि आपणांसही सांगतो. बॅटरी बदलल्याने आतील गाणी जात नाहीत. ती तबकडीवर असतात, बॅटरीत नव्हे. मात्र क्लासिकचे धातूचे कवच उघडणे हे घरगुती काम नाही. आतील कागदासारख्या पातळ फिती ओढ बसताच तुटतात. आणि बॅटरी फुगून कवच उचलले गेले असेल, तर तो संच चार्जरला लावूच नये आणि बॅटरीला टोकदार वस्तू टोचू नये. ती पेट घेऊ शकते. आमच्या बाजारातील एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने बॅटरी बदलून दिली. ‘कळ कोणतीही दाबायची नाही’ अशी चिठ्ठी मी संचाला रबराने बांधून पाठविली होती. तो हसला असेल, हसो.

आता संच सुरू झाला, चार्जही होऊ लागला. परंतु माझ्या विंडोज संगणकाला लावताच पुन्हा तेच. एक खिडकी म्हणे, ही तबकडी वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा; आयट्यून्स म्हणे, रिस्टोअर करा. वीज तर आता ठीक होती. मग मी ताईंना विचारले, “यात गाणी प्रथम कोणी भरली?”

“दादानं. पुण्याला, त्याच्या मॅकवर.”

सारे कोडे तेथेच उलगडले. मॅक संगणकावर सिद्ध केलेल्या संचाची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. न वाचता येणाऱ्या वहीला तो सरळ कोरी करा म्हणतो. म्हणजे तबकडी बिघडल्यामुळे तो संदेश येत नव्हता. तो चुकीच्या संगणकाला विचारल्यामुळे येत होता. अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबून उठावे, हेच शहाणपण.

शाळेतील एका सहकाऱ्याचा मॅक मागून घेतला. सफरचंदाची खूण दिसताच मधली कळ आणि ‘प्ले’ची कळ एकत्र दाबून धरली; असे केल्याने संच वाजविण्याचे काम सोडून साध्या साठवणीच्या तबकडीसारखा वागतो. याला ‘डिस्क मोड’ म्हणतात. २०१९ पासून नव्या मॅकमध्ये आयट्यून्सचे काम फाइंडरकडे गेले आहे, आणि परक्या संगणकाने ‘आतील पुसून नवीन भरू का?’ असे विचारल्यास येथेही नकारच द्यावयाचा. तबकडी उघडली. ‘रेकॉर्डिंग्ज’ नावाच्या कप्प्यात, तारीख आणि वेळ यांनीच ओळखू येणारी तेवीस ध्वनिमुद्रणे होती. बाकीची गाणी लपविलेल्या कप्प्यात, चार-चार अक्षरांच्या अगम्य नावांनी असतात. लपलेले कप्पे दाखविण्याची सोय चालू केली की तीही उतरवता येतात, आणि त्यांची खरी नावे फाईलच्या पोटात सुरक्षित असतात. परंतु गाणी बाजारात मिळतात. आम्ही प्रथम ओव्या घेतल्या.

एकोणीस ध्वनिमुद्रणे उतरली. विसाव्याला तबकडी टक्-टक् असा कोरडा आवाज करू लागली आणि संच गोठला. पुन्हा सुरू करून, खूण दिसताच मधली कळ व मागील गाण्याची कळ धरून, संचाची स्वतःची तपासणी उघडली. निकामी झाल्यामुळे बदललेल्या आणि अजून संशयित असलेल्या जागांचे आकडे तेथे दिसतात. दोन्ही आकडे मोठे होते. पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह मला झाला. ताईंनीच माझा हात धरला. अशी तबकडी जितकी फिरवावी तितकी अधिक खरवडली जाण्याची भीती असते.

त्या रात्री त्यांच्या घरी एकोणीसपैकी पहिली ओवी लावली. मधूनच मास्तर खोकतात, चुकलेला स्वर ‘थांबा’ म्हणून पुन्हा घेतात, पाठीमागे कुकरची शिट्टी होते. मॅकवर एक, पेन-ड्राइव्हवर एक आणि पुण्याला दादाकडे एक, अशा तीन प्रती आता आहेत.

ताईंनी परवा विचारले, “सर, आता रिस्टोअर करायचा का? नातवाला गाणी ऐकायला होईल.” तसे करता येईल. फिरत्या तबकडीच्या जागी मेमरी कार्ड बसविण्याचे जोडसाधन मिळते आणि त्यावर संच नव्याने रिस्टोअर करून चालविणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. मात्र मास्तरांची मूळ तबकडी काढून, ती न पुसता, वेगळी ठेवावी लागेल. चार ओव्या अजून तिच्यावर आहेत. ईस्टरच्या सुटीत ती घेऊन मी पुण्याला, निकामी तबकड्यांतून मजकूर काढणाऱ्या एका कारागिराकडे जाणार आहे.