गैरहजेरीच्या रकान्यापुढे

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मी नवी मुंबईतल्या तळवली गावातून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. आज कर्ज, व्याज किंवा पापड-मसाल्याच्या ऑर्डरबद्दल बोलायचं नाही. डोक्यावर एवढा ताण येतो की पुढचं काही दिसत नाही, त्या वेळी बाईने काय धरून उभं राहायचं, यावर बोलणार आहे.

सुरुवात आमच्या गटाच्या एका चुकीपासून करते. जिची ही गोष्ट आहे तिने ती सांगायला होकार दिला आहे. नाव मी घेणार नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

आमच्या एका गटात दर आठवड्याला बैठक होते. न कळवता गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड. हा नियम आम्हीच केला आणि तो काटेकोर पाळला म्हणून आम्हाला अभिमानही होता. एक ताई, कधी बैठक न चुकवणारी, सलग तीन आठवडे आली नाही. तिन्ही वेळा सचिवाने दंड लिहिला. मी वही तपासली आणि सही केली.

तिसऱ्या बैठकीत आमच्यातली एक म्हातारी आजी, आगरी घरातली, पदराने चष्मा पुसत म्हणाली, "दंड लिवलास गो, पन तिचे घरा कोन गेलं का?"

कुणीच गेलं नव्हतं. मी दोनदा फोन केला होता, तिने उचलला नाही, आणि मी तिथेच थांबले होते. बैठक संपल्यावर आजी आणि मी तिच्या घरी गेलो. दुपारचे चार वाजले होते. दार लोटलेलं, दिवा नाही, चूल थंड. ती म्हणाली, "झोपले होते." डोळ्यांवरून दिसत होतं की तिला कित्येक दिवसांत झोप लागलेली नाही.

मी विचारायला तोंड उघडणार एवढ्यात आजीने माझा हात दाबला. ती खाली बसली, कोपऱ्यातलं सूप ओढलं आणि त्यातला जवळा निवडायला लागली. थोड्या वेळाने ताईही शेजारी बसली. दोघी निवडत राहिल्या. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग ती आपणहून बोलायला लागली.

नवऱ्याची कंपनीतली नोकरी गेलेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगी दहावीला. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं, अशी तीन साप्ताहिक कर्जं झालेली. गटाला सांगायची लाज, कारण ती इतर बायकांना हिशेब शिकवायची. रात्री छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. ती म्हणाली, "मी देवाजवळ दिवा लावणंही सोडलंय. त्याच्याकडे बघितलं की रागच येतो."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी मुक्ताबाईंची आठवण झाली. आपण सगळ्यांनी ती कथा कीर्तनात ऐकली आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता, आईबाप गेलेली चार भावंडं, गावाने वाळीत टाकलेली. एकदा लोकांनी ज्ञानदेवांचा अपमान केला. ते इतके दुखावले की झोपडीत जाऊन त्यांनी ताटी, म्हणजे दार, लावून घेतलं. त्यांना दार उघडायला लावलं ते धाकट्या बहिणीने. मुक्ताबाई दाराबाहेर उभी राहून विनवत राहिली, समजावत राहिली. ते बोलणं आजही ताटीचे अभंग म्हणून महाराष्ट्र गातो.

बघा, ज्यांना आपण माउली म्हणतो त्या ज्ञानदेवांनाही एक दिवस दार लावून घ्यावंसं वाटलं. म्हणजे दार लावून घेणं हे काही भक्ती कमी असल्याचं लक्षण नाही. आणि ते उघडायला बाहेर आपलं माणूस लागलं. आमच्या ताईच्या दाराबाहेर तीन आठवडे कुणी उभं नव्हतं. आम्ही वहीत दंड लिहीत होतो.

आपल्या आज्या-पणज्यांचंच घ्या. पहाटे उठून जात्यावर बसायच्या. जड जातं एकटीने ओढलं तर खांदे भरून यायचे. समोर जाऊ, नणंद किंवा शेजीण बसली, दोघींनी खुंटा धरला, की तेच जातं हलकं फिरायचं. आणि ओव्या सुरू व्हायच्या. त्यात विठ्ठल असायचा, माहेर असायचं, भाऊ असायचा आणि सासरचं दुःखही असायचं. जे घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते ओवीत सांगता यायचं. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या आजूबाजूच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! एवढं बोलायचं होतं आपल्या बायकांना.

संत जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या. त्यांच्यासोबत दळायला विठ्ठल बसतो असं वारकरी मानतात. मला यातली एक गोष्ट फार आवडते. देवाने येऊन जनाबाईंचं दळण नाहीसं केलं नाही. दळण तेवढंच राहिलं. तो समोर बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. श्रद्धेचं काम एवढंच आहे असं मला वाटतं, आणि मैत्रिणीचंही तेवढंच.

आणि रागाचं म्हणाल, तर जनाबाई विठ्ठलाशी भांडल्यासुद्धा आहेत, अगदी खडसावून बोलल्या आहेत. आजीने त्या दिवशी ताईला तेच सांगितलं. "राग आला तं राग कर. पन बोलनं सोडू नको."

आता तुम्हाला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, थेट विचारायची. ताई बोलता बोलता म्हणाली, "सगळं संपवून टाकावंसं वाटतं." माझ्या पोटात गोळा आला. पण मी प्रशिक्षणात शिकले होते, म्हणून सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" ती म्हणाली, "दोनदा आलं." आपल्याला भीती वाटते की विचारलं तर तिच्या डोक्यात तो विचार आपणच घालू. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला मोकळं होता येतं. असं उत्तर आलं तर तिला एकटं सोडायचं नाही. आम्ही तिच्या बहिणीला बोलावून घेतलं. त्या रात्री बहीण तिच्याजवळ राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नीट ऐकलं, झोपेचं आणि मनाचं औषध सुरू केलं.

इथे एक नंबर लिहून घ्या. 14416. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिवावर बेतलं तर 112.

दुसरी गोष्ट, ऐकायला बसलेल्या बाईने काय बोलू नये. "माझ्याकडे बघ, मी किती सोसलंय" असं म्हणू नये. "पोरांकडे बघून सहन कर" असं म्हणू नये. "तुझी भक्तीच कमी पडली" असं तर कधीच म्हणू नये. आधीच खचलेल्या बाईवर आपण आणखी एक दोष ठेवतो. तिने सांगितलेलं नळावर, लोकलच्या डब्यात किंवा हळदीकुंकवाला सांगू नये. जीवाला धोका असेल तेवढ्यापुरतंच दुसऱ्या कुणाला सांगावं, तेही तिला कळवून.

ज्यांना सांगायचं आहे त्यांनीही माणूस पारखून घ्यावं. माझी खूण सोपी आहे. जी तुमच्याकडे येऊन दुसरीची गुपितं सांगते, ती तुमचीही सांगणार. जी लगेच सल्ला देत नाही, आधी पाणी देते आणि बसते, तिच्याशी बोला. अशा दहा मैत्रिणी लागत नाहीत. एक किंवा दोन पुरतात.

तिसरी गोष्ट, श्रद्धा ठेवा, पण तिचा बाजार होऊ देऊ नका. आमच्याकडे कुणी एकवीरा आईला कार्ल्याच्या डोंगरावर जातं, कुणी गावदेवीसमोर बसतं, कुणी हरिपाठ म्हणतं. गटात बुद्धवंदना करणाऱ्या आणि नमाज पढणाऱ्या मैत्रिणीही आहेत. ज्याने तुमचं मन शांत होतं ते करा. हळू आवाजात हरिपाठ म्हणताना श्वास लांबतो, धडधड खाली येते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. वारीत तर श्रद्धा आणि सोबत एकत्रच चालतात. एकटी बाई पंढरपूरपर्यंत पायी जायला घाबरेल, दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन ती चालत जाते.

पण कुणी म्हणालं, "तुला बाहेरचं लागलंय, एवढे पैसे दे, उतारा करतो, डॉक्टरची गोळी बंद कर," तर तिथून उठून या. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशा फसवणुकीची पोलिसांत तक्रार करता येते. देव आणि डॉक्टर यांचं भांडण नाही. ताई सकाळी गोळी घेते आणि संध्याकाळी दिवा लावते.

चौथी गोष्ट, ताणाचं मूळ पैशात असेल तर नुसतं धीर देऊन भागत नाही. आम्ही एका संध्याकाळी तिची सगळी कर्जपुस्तकं घेऊन बसलो. एका कागदावर लिहिलं, कुणाचं किती, हप्ता किती, कधी. तिच्या मनात तो आकडा डोंगराएवढा झाला होता. कागदावर तो मोठाच होता, पण त्याला शेवट होता. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाबद्दलचे निर्देश आहेत. त्यानुसार वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायला मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना, मित्रांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देणं यालाही मनाई आहे. आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ नयेत, असा नियम नवं कर्ज देताना पाळायचा असतो. हे माहीत झाल्यावर ती हप्ता मागायला आलेल्या माणसाशी उभी राहून बोलू शकली. त्या दिवशी गटातल्या दोघी तिच्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं नुसतं असणं पुरेसं होतं.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. तिचं कर्ज अजून फिटतं आहे. नवऱ्याला पूर्वीइतकी पगाराची नोकरी मिळालेली नाही, सासूबाई अंथरुणातच आहेत. दळण तेवढंच आहे. पण ती रात्री झोपते, बैठकीला येते, आणि मागच्या महिन्यात नव्या बायकांना हिशेब शिकवायला तीच उभी राहिली.

आता आमच्या वहीबद्दल सांगते. ताई परत आली त्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचे तीस रुपये गटाने परत केले. आपल्या दशसूत्रीत नियमित बैठक आहे, बचत आहे, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे आहेत. पुढच्या सूत्रांत आरोग्यही आहे. आरोग्य म्हटलं की आम्ही रक्त तपासणी करायचो, मन तपासायचं राहून गेलं होतं. म्हणून आम्ही ठराव केला. हजेरीच्या वहीत गैरहजेरीच्या रकान्यापुढे एक नवा रकाना आखला. त्यावर लिहिलं, "भेटायला कोण गेलं?" तो रकाना भरल्याशिवाय दंड लावायचा नाही.

कधी तिथे नाव लागतं आणि पुढे लिहिलेलं असतं, "माहेरी गेली होती." कधी लिहिलेलं असतं, "ताप होता, पेज करून दिली." बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. पण दार एकदा ठोठावलेलं असतं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत कोण आलं नाही ते बघा. फोन उचलला नाही तर चालत जा. आणि आज जिने स्वतःच दार लावून घेतलं आहे, ती हे ऐकत असेल तर तिला सांगते, बाई गं, तुला काही ठरवायचं नाही, काही सिद्ध करायचं नाही. फक्त कडी काढ. एका मैत्रिणीला हाक मार. ती नसेल तर 14416 लाव.