खोक्यावरची तारीख
(कोठी येथील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फार्मसीचा डिप्लोमा केलेला, सरकारी दवाखान्यात औषधे देणारा माणूस. ‘ज्ञान व्यवस्थापन’ हा पत्रिकेवरचा शब्द मलाही जडच वाटला. पण गोष्ट आपल्या दारातलीच आहे.

राज्याच्या औषधखरेदी महामंडळाचे कार्यालय इथेच, सुलतान बाजारच्या आरोग्य खात्याच्या आवारात आहे. सरकारी दवाखान्यांतला साठा ‘ई-औषधी’ या सी-डॅकने तयार केलेल्या संगणक प्रणालीवर नोंदला जातो. बॅच, मुदत, शिल्लक, सगळे एका पडद्यावर. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी द्यायचे, जास्तीचे वेळेत दुसरीकडे पाठवायचे. नाहीतर मुदत संपलेले औषध २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीच्या कचऱ्यात धरले जाते आणि बहुधा भट्टीत जळते. पैसा गेला तो गेलाच, वर धूर!

पण संगणकाला शिल्लक कळते, कारण कळत नाही. तापाची साथ येण्याआधी सलाईन किती मागवायचे, कुठले औषध उन्हाळ्यात पडून राहते, हे जुन्या स्टोअरकीपरांच्या डोक्यात असते. ते रिटायर झाले की हे ज्ञानही त्यांच्याबरोबर घरी जाते. म्हणून आमच्याकडे एक वही आहे. मागणी नेहमीपेक्षा कमी-जास्त केली, तर का केली ते एका ओळीत लिहायचे. बस्स. नव्याने आलेली मुलगी ती वाचूनच मागणीपत्र भरते.

लिहिण्याचा हा धडा आपल्या भागाला जुना आहे. आज जिथे महिला विद्यापीठ आहे, त्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मवर १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन आयोग चालवले. रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष. श्वासाचे खरे होते. हृदयाचे मात्र १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी खोडून काढले. प्रयोग छापलेले होते म्हणून त्यांवर जगभर वाद झाला; मनातच राहिले असते तर कोण खोडणार?

आमची वही सध्या संगणकात उतरवतो आहोत. आपल्यात आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. त्यांनी आपल्या जुन्या दवाखान्यात एक दुपार द्यावी. निदान स्वतःचे अक्षर लावायला तरी!